बेरीज करू की वजाबाकी?

तिसरीच्या वर्गात शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिलं की प्रश्न हमखास येतो, 'बाई, अधिक करू की वजा?' गाइडांनी यावर तोडगा काढून ठेवलाय. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. मला तो मान्य नाही. 'सुमनकडे 12 बोरं आहेत. ती मंदाच्या बोरांपेक्षा 5 जास्त आहेत. मंदाकडे किती?' 'जास्त' वाचून मुलं 17 लिहितात. त्यांची बेरीज बरोबरच असते. चूक त्याआधी झालेली असते, कारण मंदा त्यांच्या डोळ्यांपुढे आलेलीच नसते.

कोणता नियम कुठे लावायचा हे सांगायला आणखी एक नियम केला, तर तो कुठे लावायचा हे कोण सांगणार? या साखळीला अंत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1781 साली 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'मध्ये हीच अडचण मांडली. ही पारख शिकवता येत नाही, तिचा फक्त सराव करता येतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्यात ती उपजत नाही, त्याला शाळा ती देऊ शकत नाही. नियमांनी ती येत नाही, इथपर्यंत मला पटतं. पुढचं ऐकून कुठल्याही मुलाला मी सोडून देणार नाही.

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त म्हटलंय, की नारायण जसा विश्व व्यापून आहे तसं त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढायची रीत, सगळं गणित व्यापून आहे. एवढी श्रद्धा असूनही, एक राशी घटली की दुसरी वाढते तिथे लावायचं व्यस्त त्रैराशिक त्यांनी वेगळं सांगितलं. आढक हे धान्याचं जुनं माप. धान्याची रास 7 आढकांच्या मापाने मोजली तर 100 मापं भरतात, 5 आढकांच्या मापाने किती? डोळे मिटून सरळ त्रैराशिक मांडलं तर 71 च्या आसपास येतं. खरं उत्तर 140. मला यात धर्माचाही प्रश्न दिसतो. एकच तत्त्व सगळीकडे भरलेलं आहे हे मनापासून मानलं, तरी समोरच्या प्रसंगी काय करायचं ते त्यातून आपोआप निघत नाही. प्रत्येक वेळी त्या राशीपाशी जाऊन उभं राहावं लागतं.

म्हणून मी वर्गात ज्वारी, एक पेला आणि एक वाटी नेली. आधी पेल्याने मोजून झालं. मग वाटी हातात घेतलेली मुलगी दुसऱ्याच वाटीला थांबली आणि म्हणाली, 'बाई, ही लहान आहे, हिने जास्त वेळा भरावं लागणार.' गुणाकार-भागाकाराचं नावही अजून निघालं नव्हतं.

आता उदाहरण देताना मी आधी आकडे हाताने झाकते. काय घडलं ते मुलांनी सांगायचं, कोणाकडे काय होतं, कोणी कोणाला दिलं, कोणाचं जास्त. वही बराच वेळ कोरी राहते आणि काही पालकांना ते खटकतं. मी त्यांना वर्गात बसून ऐकायला बोलावते.