बेगमी

पुढच्या टंचाईचा अंदाज घेऊन आधीच केलेला साठा म्हणजे बेगमी. गोव्यात पावसाळ्यापूर्वीच्या अशा साठ्याला पोर्तुगीजांकडून आलेला ‘पुरुमेंत’ हा शब्द आहे. सोलं, सुकी मासळी, मिठात मुरवलेल्या फणसाच्या गऱ्यांची बरणी आणि पडवीत रचलेली कोरडी लाकडे यांच्या भरवशावर, वाटा तुटल्या तरी कोकणातले घर चालत असे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा भरल्या शहरातले घरही किती एकाकी पडते हे दिसले. म्हणून आजच्या बेगमीत माणशी रोजचे किमान तीन लिटर पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, थोडी रोकड (कारण वीज गेली की मोबाइलवरचा व्यवहारही अडतो) आणि माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला रेशनकार्ड-सातबाऱ्याचा गठ्ठा असायलाच हवा; संचारबंदी, म्हणजे घराबाहेर पडण्यास सरकारी मनाई, लागली तरी हाच साठा कामी येतो. शेजारी एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या दाराची कडी अशा वेळी कोणी वाजवायची आणि तिच्या गोळ्यांची चिठ्ठी कोणाकडे असावी, हे मात्र मे महिन्यातच, ऊन असताना, ठरवून घ्यावे.