सही मिळणार नाही

दात काढणं बंद करा आधी. हा अहवाल कोणी लिहिला? ‘रोझ टेस्ट, ०.२ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, पास.’ खाली झोकदार सही. आणि त्याच बॅचमधला, गिऱ्हाइकाकडून परत आलेला बोर्ड हा इथे टेबलावर पडलाय. मायक्रोस्कोपखाली बघा एकदा. क्यूएफएन चिपच्या दोन पॅडांमध्ये नेच्याच्या पानासारखी धातूची नक्षी उगवलीय. डेंड्राइट म्हणतात त्याला, पाठ आहे ना? परीक्षेत लिहायला पाठ, कामावर सपाट!

आता खडू घे, तूच ये फळ्यापाशी. बोर्ड दहा बाय पंधरा सेंटिमीटर. दोन्ही बाजू मिळून ३०० चौरस सेंटिमीटर. तो द्रावणात धुऊन रोझच्या यंत्राने एकूण आयन मोजले, सोडियम क्लोराइडच्या हिशेबात ६० मायक्रोग्रॅम. भागाकार ०.२, बरोबर. आता हे सगळे साठच्या साठ त्या पाच बाय पाच मिलिमीटरच्या क्यूएफएनच्या पोटाखाली असतील तर? क्षेत्रफळ पाव चौरस सेंटिमीटर. किती आले? २४०. मर्यादा १.५६ ची, आणि तू उभा आहेस तिच्या दीडशे पटींच्या पुढे. कागदावर मात्र पास! बरं, हेसुद्धा खालचं सगळं द्रावणात उतरलं असं गृहीत धरून. त्या चिपखाली केसाएवढी फट. काही मिनिटांत तिथलं किती धुऊन येणार? यंत्राला जे मिळालंच नाही ते यंत्र दाखवणार कसं?

मान खाली घालून काही होणार नाही. हा १.५६ आला कुठून, ते सांग. नाही माहीत. १९७० च्या दशकात अमेरिकी लष्करी कामासाठी ठरलेला आकडा आहे तो. तेव्हाचे बोर्ड म्हणजे भोकांतून पाय घातलेले मोठमोठे घटक, रोझिन फ्लक्स आणि सोल्डरिंगनंतर सक्तीची धुलाई. आज घटक बोर्डाला पोट टेकून बसतात, फ्लक्स नो-क्लीन आहे, आणि आकडा तोच, वाडवडिलांची इस्टेट असल्यासारखा! सोल्डरिंगच्या जे-स्टँडर्ड-००१ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. प्रक्रिया योग्य ठरवायला नुसता हा आकडा पुरेसा नाही, दुसरा पुरावा द्या, असं त्यात आलं. रोझ ठेवा, पण लाइन काल होती तशीच आज चालतेय का, एवढं बघायला. तुम्ही मात्र त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र करून टाकलंत.

आणि रिवर्कच्या टेबलावरची मंडळी, हसू नका, तुमच्याकडेच वळतोय. नो-क्लीनच्या अवशेषात रेझिन असतं, ते आम्लं आपल्या आत कोंडून ठेवतं. म्हणून तर ते तसंच ठेवता येतं. तुम्ही काय करता? आयपीएत, म्हणजे अल्कोहोलात, ब्रश बुडवायचा, खसाखसा घासायचं आणि तसंच वाळू द्यायचं. रेझिन सुटलं, आम्लं मोकळी झाली आणि शेजारच्या चार घटकांखाली जाऊन बसली. बोर्ड चकाचक दिसतो म्हणून शाबासकी हवी? धुवायचं तर पुरतं धुवा, खंगाळा, वाळवा. नाहीतर हात लावू नका. आणि अगं, तू, ग्लोव्हज खिशात ठेवायला दिलेत का? घामात क्लोराइड असतं, हे काय मी शाळेत येऊन सांगू?

वर म्हणे, ‘सर, फॅक्टरीत तर व्यवस्थित चालत होता.’ चालणारच! एसीत बसून कोण बिघडतं? तोच बोर्ड कोकणात आषाढात पंपाच्या पेटीत बसला की पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर येतो, त्यात हे आयन विरघळतात, वर व्होल्टेज आहेच. एका पॅडाचा धातू विरघळून दुसऱ्यावर जमतो आणि तिथून पहिल्याकडे वाढत येतो. जोडला गेला की शॉर्ट. कधीकधी तो धागा स्वतःच जळून जातो, मग परत आलेला बोर्ड तुमच्या टेबलावर ठणठणीत चालतो आणि तुम्ही बिनदिक्कत लिहिता, ‘दोष आढळला नाही.’

म्हणून आता ऐका. हा बोर्ड आयन क्रोमॅटोग्राफीला जाईल. पिशवीत ७५ टक्के आयपीए, २५ टक्के डीआय, म्हणजे आयनमुक्त, पाणी, ८० अंशांवर एक तास. मग कळेल तिथे क्लोराइड आहे, ब्रोमाइड आहे की फ्लक्समधलं अॅडिपिक आम्ल. रोझ सगळ्यांना एकाच गोणीत भरतं, चोर कोण ते सांगत नाही. याच फ्लक्सने, याच प्रोफाइलवर कंगव्याच्या नक्षीचे टेस्ट बोर्ड बनवा आणि एसआयआरला, म्हणजे पृष्ठभागाच्या रोधाच्या चाचणीला, लावा: ४० अंश, ९० टक्के आर्द्रता, १६८ तास. रोध १०० मेगओमच्या खाली आला तर लाइन थांबेल, मग मॅनेजरसाहेबांना काय सांगायचं ते मी बघतो. सात दिवस लागतात म्हणून कुरकुर नको.

आणि तो अहवाल इकडे आण. ‘पास’ खोड, बाजूला तारीख टाक, आणि चाचणीला लावलेला बोर्ड संरक्षक कोटिंगच्या आधीचा होता की नंतरचा, ते लिही. माहीत नाही? मग स्टोअरमध्ये जा, ट्रॅव्हलर कार्ड काढ आणि बघून ये. डबा नंतर खा.