सक्ती नसताना

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये तिथल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्याची पद्धत घालून दिली. ही भरपाई मालकांवर बंधनकारक करणारा कायदा हिंदुस्थानात झाला १९२३ मध्ये. म्हणजे २८ वर्षांनी.

यशस्वी उद्योजक कसे व्हावे, हे सांगणाऱ्या पुस्तकांत दूरदृष्टी, धाडस, झटपट निर्णय हे गुण ठरलेले असतात. ते हवेतच, त्यांच्याशिवाय कारखाना उभा राहत नाही. पण हाताखालचा माणूस मालकाला जोखतो तो वेगळ्याच मापाने. ज्याला आपल्यावर कसलीच सक्ती करता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, हे ते माप. ग्राहक निघून जाऊ शकतो, बँक कर्ज परत मागू शकते, सरकार दंड करू शकते. त्यांच्याशी सगळेच नीट वागतात.

जमशेटजींच्या पश्चात जमशेदपूरचा पोलाद कारखाना उभा राहिला. तिथे १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. त्याच सुमारास, १९११ च्या कारखाना कायद्यानुसार, कापड गिरणीत पुरुष कामगाराकडून दिवसाला १२ तास काम घेता येत होते. जमशेदपूरला भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये सुरू झाला. त्याचा देशव्यापी कायदा १९५२ चा. यात नुसता दानधर्म नव्हता, व्यवहारही होता. म्हातारपणाची सोय दिसली की कामगार टिकतो, टिकला की हात बसतो, हात बसला की माल चांगला निघतो. चांगुलपणा आणि हिशेब यांचे प्रत्येक वेळी वैर असतेच असे नाही.

वैर येते ते मंदीत. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले आणि १९२४ मध्ये कारखान्याकडे पगारालाही पैसे पुरेनात. तेव्हा जमशेटजींच्या मुलाने, दोराबजी टाटांनी, आपली खासगी मालमत्ता, त्यात पत्नी मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिरासुद्धा, गहाण ठेवून इंपीरियल बँकेकडून कर्ज उभे केले. भागीदारी फक्त नफ्यात नसते, हे त्यांनी घरातल्या तिजोरीतून दाखवून दिले.

इथे थांबलो तर ही आरती होईल. याच घराण्याच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारी भूसंपादनाच्या जोरावर घेतल्या गेल्या. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी सत्याग्रहाला उतरले, तुरुंगवास भोगला. धरण झाले, शेते पाण्याखाली गेली. मुंबईला वीज मिळाली.

दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आणि जवळपास एकाच काळातल्या. जमशेदपूरला कायदा मागत नव्हता ते दिले. मुळशीला कायदा देत होता ते घेतले. फरक एवढाच, की जमशेदपूरचा माणूस हजेरीपटावर होता आणि मावळातला नव्हता. चांगल्या मालकाचीही नजर बहुतेक वेळा हजेरीपटापाशी अडते. कायदेशीर आहे म्हणजे न्याय्य आहे, अशी समजूत तो करून घेतो आणि ती त्याच्या सोयीचीही असते.

आजचा हजेरीपट तर आणखी आखूड झाला आहे. एकाच शेडमध्ये कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस शेजारी शेजारी उभे राहतात. काम तेच, हातात पडणारी रक्कम वेगळी. लहान पुरवठादाराचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. तरी मोठ्या कंपनीच्या दारात तो ‘पुढच्या आठवड्यात या’ हेच ऐकत राहतो. तक्रार करायचा हक्क त्याला आहे, पण केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीतीही आहे. हक्क असून तो वापरता न येणारा माणूसही असहायच असतो. त्याचे पैसे अडवून जो आपला ताळेबंद सजवतो, त्याला कुशल व्यवस्थापक म्हणता येईल, नेता म्हणता येणार नाही.

हे फक्त कारखानदारांपुरते नाही. दुकानात एक पोऱ्या असेल, घरी धुण्याभांड्याला मावशी येत असतील, सोसायटीच्या फाटकावर रखवालदार असेल, तर तेवढ्यापुरते आपणही मालकच. मावशी आजारी पडल्या तर त्या दिवसांचे पैसे कापायचे की नाही, हे सांगायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही. तेव्हा या महिन्याचा हिशेब करताना कायद्याने किती द्यावे लागते, हे पाहून झाल्यावर पेन लगेच खाली ठेवू नका. जो मागू शकत नाही त्याचे आपल्याकडे काय राहिले आहे, तेही एकदा मांडून पाहा आणि चुकते करा.