चिठ्ठी आणि कौल

२०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२०मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली, प्रत्येकी ५,९४६. शेवटी चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. २२७ जागांपैकी एक अशी भरली.

माझं नाव त्याच प्रभागाच्या मतदारयादीत होतं. गुडघा दुखतो म्हणून मी घरी राहिले होते.

माझं माहेर कोकणातलं. तिथे गावचं कठीण काम असलं की देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवा कळा पडला की होकार. उत्तर देणारा कुणीतरी आहे, हा तिथला विश्वास. कायद्याची चिठ्ठी असं काही मानत नाही. माणसाचा कल तिला शिवू नये, एवढंच ती पाहते. मला तीही पवित्र वाटते, कारण तिच्यापुढे दोघं खरोखर समान असतात. महिलांसाठी राखीव प्रभागही सोडतीनेच ठरतात, म्हणजे उभं कोणी राहायचं इथपासूनच दैव हात घालतं.

पण त्या चिठ्ठीला मी दैव म्हणू का? फळ आपल्या हाती नाही, हे लहानपणापासून ऐकलं. कर्म मात्र हाती होतं, मतदानाच्या, शाळेतल्या खोलीपर्यंत चालत जाण्याइतकं. ते मी केलं नाही, आणि माझ्या वाटचं उत्तर एका कागदाच्या घडीला द्यावं लागलं. देवाला कौल लावण्याआधी माणसाने आपलं सगळं करून झालेलं असावं लागतं, असं आजी सांगायची.