पाणी पाक आहे. पण ते कोणाचे आहे?



मशिदीच्या इमामाकडे पाण्याविषयी जे प्रश्न येतात ते बहुधा एकाच जातीचे असतात. टाकीत चिमणी मरून पडली, पाणी पाक राहिले का? बोअरच्या पाण्याला वास येतो, त्याने वजू होईल का? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे देणे आमचे कर्तव्यच आहे. परंतु नळाखालून वाहून गेलेल्या पाण्यावर कोणाचा हक्क होता, हे विचारायला आजवर फारसे कोणी आलेले नाही. फिक्हच्या ग्रंथांत मात्र तहारतचे प्रकरण आहे, तसेच पाण्यावरील हक्कांचेही प्रकरण आहे. पहिले आपण बालपणी मक्तबमध्ये शिकतो. दुसरे उघडूनही पाहत नाही.

हजरत अनस (रजि.) यांचे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यानुसार प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द हे माप आजच्या हिशेबात किती भरते यावर फुकहांत मतभेद आहेत. ते पाऊण लिटरच्या अलीकडे धरा किंवा एक लिटरच्या आसपास, तांब्याभर पाण्यापलीकडे ते जात नाही. आज पूर्ण उघडलेल्या नळातून मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी सहज पडते. दोन मिनिटे गप्पा मारत वजू करणारा मनुष्य बादलीभर पाणी संपवून सफेत उभा राहतो. दोनशे नमाजींनी पाच वेळा प्रत्येकी केवळ पाच लिटर पाणी जास्त वापरले, तर दिवसाला 5,000 लिटर होतात. म्हणजे एक छोटा टँकर, जो उन्हाळ्यात मशिदीची समिती देणगीच्या पैशातून विकत घेते.

येथे मसअला अधिक गंभीर होतो. स्वतःच्या मालकीच्या पाण्याची उधळपट्टी हनफी फुकहांनी मकरूह ठरवली आहे. पण जे पाणी तहारतसाठी वक्फ आहे, त्याची नासाडी ‘दुर्रे मुख्तार’मध्ये हराम म्हटली आहे आणि तेथे मदरशांच्या पाण्याचा खास उल्लेख आहे. हे सांगताना माझा रोख नमाजींपेक्षा मुतवल्ली व विश्वस्तांकडे अधिक आहे. नमाजी नळ पुरता उघडतो, कारण नळच तसा बसवलेला असतो. दाब कमी करणारी साधी जाळी किंवा दाबल्यावर थोडा वेळच चालणारी तोटी बसवली, तर निम्मी नसीहत तीच करते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. पाणी, चारा आणि अग्नी यांत मुसलमान भागीदार आहेत, या आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. फिक्हमध्ये विहिरीच्या ‘हरीम’ची संकल्पना आहे: जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीभोवती चाळीस हात जागा राखीव ठेवावी, तेथे दुसऱ्याने विहीर खोदून पहिलीचे पाणी ओढू नये. आपल्या मोहल्ल्यांत आज काय चालते? एकाचा बोअर आटला की शेजारी त्याहून खोल बोअर घेतो आणि तिसरा त्याहूनही खोल. मशिदीचा बोअर सर्वांत खोल असणे ही काही अभिमानाची बाब नव्हे. सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीत, पाणी जमिनीत खोल गेले तर ते परत आणणारा कोण, असा सवाल आहे; बोअरची मशीन पाहताना मला तो हटकून आठवतो.

याहून निराळी रीत पाहायची तर दूर जायला नको. मलिक अंबर यांनी 1610 मध्ये मराठवाड्यात खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. शहराला पुरेल असे पाणी आणण्यासाठी त्यांनी डोंगराकडील भूजल भूमिगत नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत पोहोचवले. पुढे त्याच परंपरेत, अठराव्या शतकात, बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहजवळ पाणचक्की उभी राहिली. खानकाहविषयी कोणाचे मत काहीही असो, तिथली योजना विचार करून पाहण्याजोगी आहे. नहरीतून आलेले पाणी उंच भिंतीवरून कोसळते आणि चक्की फिरवते. त्या चक्कीवर मुसाफिर, विद्यार्थी आणि गोरगरिबांसाठी धान्य दळले जाई. तेच पाणी हौदात साठते आणि हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्यामुळे ते दालन भर उन्हाळ्यातही थंड राहते. उरलेले पाणी शेजारच्या खाम नदीला मिळते. एकाच पाण्याने दळण, साठवण आणि गारवा अशी तीन कामे केली, तीही इंधनाशिवाय. आज त्याच शहराला सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीहून वीज जाळून पाणी वर चढवावे लागते आणि कित्येक वस्त्यांत नळ अनेक दिवसांआड येतो. आपण मात्र पाणचक्कीला छायाचित्रे काढायला जातो.

नवी मशीद बांधताना हा समग्र विचार नकाशातच यावा लागतो. आपल्या भागात किब्ला पश्चिमेकडे आहे. म्हणजे असरच्या वेळी किब्ल्याचीच भिंत तापते. तिला काचा बसवून आत वातानुकूलन यंत्रे लावण्यापेक्षा भिंत जाड किंवा पोकळ दुहेरी बांधावी, बाहेर कडुनिंब लावावेत, हवेसाठी उत्तर-दक्षिण खिडक्या ठेवाव्यात. जुन्या मशिदींचे दालन आणि सहन उगीच नव्हते. जुमा सोडला तर दोन-तीन सफा भरतात. तेवढ्यांसाठी सगळा सभागृह गार करणे हा इसराफच आहे.

वजूच्या सांडपाण्याबद्दल अनेकांच्या मनात शंका असते. हनफी मताचा फतवा असा, की वापरलेले पाणी पाक असते, परंतु त्याने दुसरी तहारत होत नाही. म्हणजे झाडांना, अंगण धुण्याला, शौचकूपाच्या टाकीला ते खुशाल वापरावे. एकच अट पाळावी: वजूखान्याची नळी तहारतखान्याच्या नळीपासून सुरुवातीपासूनच वेगळी टाकावी. बांधकामाच्या वेळी हा खर्च नगण्य असतो. फरशी बसल्यावर तोडफोड करावी लागते.

छपरावरच्या पावसाचा हिशेब तर कोणालाही करता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. औरंगाबादच्या बाजूला वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो; 200 चौरस मीटरच्या छतावर 1,40,000 लिटर उतरतात. काही वाया जाईल, पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे लागेल, तरी जे उरेल ते गाळून बोअरच्या पुनर्भरणाला देता येते.

आईवडिलांच्या इसाले सवाबसाठी मशिदीला पंखे आणि गालिचे देणाऱ्यांची कमतरता नाही. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईसाठी कोणता सदका उत्तम असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) पाणी असे सांगितले आणि त्यांनी विहीर खोदली. आटलेल्या बोअरला पाणी परत देणारा खड्डा याच सदक्यात मोडतो, असे माझे मत आहे. आपल्या येथील आलिमांना विचारून घ्यावे. खड्डा मृगाच्या आधी, मे महिन्यातच खोदावा लागतो आणि त्यातला गाळ दरवर्षी काढावा लागतो. तो कोण काढणार, हे देणगी स्वीकारतानाच समितीने वहीत लिहून ठेवावे.