सामुदायिक सर्कस, हवामानबदल आणि प्रेक्षकाची सुरक्षित जागा

संकट समोर उभे असताना खेळ करावा काय, आणि केला तर त्याला संकटाचा प्रतिसाद म्हणावे काय, हा प्रश्न कलाविचाराला नवा नाही. हवामानबदलाच्या संदर्भात मात्र त्याला वेगळी धार आली आहे. अलीकडच्या काळात निरनिराळ्या देशांतील सामुदायिक सर्कशी, बाहुलीनाट्याचे संच आणि रस्त्यावरील प्रयोग या विषयाकडे वळले आहेत. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रूपबंधाचा. तापत्या पृथ्वीविषयीचा खेळ पाहून जो प्रेक्षक हेलावतो, त्याचे हे हेलावणे नैतिक कृतीचा आरंभ असते की तिचा पर्याय?

पर्यायाचा हा धोका रूसोने १७५८ मध्ये दालांबेरला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात नेमका हेरला होता. जिनीव्हात नाट्यगृह असावे या सूचनेला विरोध करताना त्याने मांडलेला मुद्दा असा, की रंगमंचावरील कल्पित दुःखासाठी अश्रू ढाळणारा माणूस माणुसकीचे देणे फेडल्याच्या समाधानात घरी जातो. आणि या समाधानासाठी त्याला पदरचे काहीही द्यावे लागत नाही. नाट्यगृहाऐवजी रूसोला हवा होता तो उघड्या आकाशाखालचा लोकोत्सव, जेथे पाहणारे स्वतःच प्रयोगाचा विषय होतात. त्याच्या भूमिकेतील कर्मठपणा बाजूला ठेवला, तरी प्रेक्षकत्व ही एक नैतिक अवस्था आहे, ही त्याची जाणीव टाळता येत नाही.

कांटने १७९० मध्ये उदात्ताची मीमांसा करताना हीच अवस्था दुसऱ्या बाजूने पाहिली. ज्वालामुखी, झंझावात, खवळलेला समुद्र उदात्त वाटायचे, तर पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे, अशी त्याची अट आहे. सर्कशीचा तंबू जणू याच अटीवर उभा असतो. उंच झुल्यावरून सुटलेल्या कसरतपटूच्या जिवाची धास्ती आपण खुर्चीच्या भरवशावर अनुभवतो. हवामानबदलाने ही खुर्चीच संशयास्पद ठरवली आहे, कारण वातावरणाच्या बाहेर बसून वातावरणाकडे पाहता येत नाही. अर्थात, सुरक्षित जागा सर्वांचीच नाहीशी झाली, असे म्हणणे अर्धसत्य होईल. २०२२ च्या महापुराने पाकिस्तानात सुमारे ३.३ कोटी लोकांना झळ पोचली. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा १ टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे ज्यांनी संकट घडवले नाही, त्यांची खुर्ची आधी जाते. या विषयावरील प्रत्येक प्रयोगाला म्हणूनच विचारावे लागते : तो कोणाला खुर्चीत बसवतो आणि कोणाला झुल्यावर चढवतो?

पारंपरिक सर्कशीचे या प्रश्नाला दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. लंडनमध्ये १७६८ मध्ये फिलिप अ‍ॅस्टलेने घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. पुढे रूढ झालेले रिंगण सुमारे ४२ फूट व्यासाचे, धावत्या घोड्याच्या सोयीने ठरलेले. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत उभी केलेली पहिली भारतीय सर्कसही मूलतः अश्वविद्येतूनच आली. घोड्यापाठोपाठ हत्ती, वाघ, सिंह रिंगणात आले आणि रिंगमास्टरचा चाबूक हे मानवी सत्तेचे चिन्ह बनले. निसर्ग हिंस्र आहे, परंतु तो माणसाच्या इशाऱ्यावर स्टुलावर बसू शकतो, हा त्या चिन्हाचा आशय होता. भारत सरकारने १९९८ मध्ये अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. या निर्णयामागे प्राण्यांच्या छळाचा प्रश्न होता, हवामानाचा नव्हे. तरीही त्याने सर्कशीच्या रूपबंधातील सत्तेचे चिन्हच काढून घेतले.

उरले ते माणसाचे शरीर आणि गुरुत्वाकर्षण. गुरुत्वाकर्षणाला चाबूक दाखवता येत नाही. त्याचे ऐकावे लागते. झुल्यावर झेप घेणाऱ्याचे कौशल्य झेलणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असते. प्रभुत्वाकडून परावलंबनाकडे झालेले हे स्थित्यंतर सामुदायिक सर्कशीचे खरे तत्त्वज्ञान आहे. अशा सर्कशीत शेजारीपाजारी, मुले, हौशी माणसे प्रयोगात उतरतात. पाहणारा आणि करणारा यांतील सीमारेषा विरळ होते. तिचा हवामानविषयक आशय घोषणेत शोधण्यापेक्षा या रचनेत शोधावा, असे मला वाटते.

तथापि सामूहिक शरीर आपोआप नीतिमान होत नाही. आपल्याकडील दहीहंडी हे त्याचे जवळचे उदाहरण. थर लावणे ही परस्परविश्वासाची कला आहे. पण उंची आणि बक्षिसाची रक्कम हेच मूल्य ठरले, की तळाच्या थरावर वजन वाढते आणि वरून पडणाऱ्या मुलाच्या जिवाचे मोल उतरते. वाढीचा हाच तर्क पृथ्वीच्या तापण्यामागेही आहे. म्हणून मर्यादेचे भान हा येथे कळीचा निकष ठरतो.

या निकषावर अमेरिकेतील ‘ब्रेड अँड पपेट थिएटर’चा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे. पीटर शूमान यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेली ही संस्था पुढे व्हरमाँटच्या ग्रामीण भागात गेली. टाकाऊ पुठ्ठा, कापड, कागदाचा लगदा यांच्या प्रचंड बाहुल्या, स्वयंसेवकांचा ताफा आणि प्रेक्षकांना वाटलेली भाकरी, हे तिचे द्रव्य. तिच्या वार्षिक सर्कशीला हजारोंची गर्दी लोटू लागली. १९९८ मध्ये लगतच्या तळावर झालेल्या मारामारीत एकाचा मृत्यू झाल्यावर तो महोत्सव बंद करण्यात आला आणि संस्था लहान प्रयोगांकडे वळली. दुर्घटनेनंतरचे हे शहाणपण होते हे खरे. तरीही यशाच्या शिखरावर आकार लहान करणे, ही कृती पर्यावरणावरील अनेक संहितांपेक्षा अधिक बोलकी आहे.

याउलट उदाहरण २०२५ मधील ‘द हर्ड्स’चे. अमीर निझार झुआबी यांच्या दिग्दर्शनाखाली प्राण्यांच्या पूर्णाकृती बाहुल्यांचे कळप एप्रिलमध्ये किन्शासाहून निघाले आणि लागोस, डाकार, लंडन अशा शहरांतून ऑगस्टमध्ये उत्तर नॉर्वेत पोचले. येथे सर्कशीचे चिन्ह उलटे झालेले दिसते : पूर्वी प्राणी माणसाप्रमाणे वागत असे, आता माणूस वाकून, श्वासाची लय बदलून प्राणी होतो. परंतु उत्सर्जनाविरुद्धचा प्रयोग हजारो किलोमीटरचा प्रवास करतो, हा आक्षेप केवळ खोडसाळ म्हणून झटकता येणार नाही. गावोगावच्या स्थानिक लोकांनी बाहुल्या चालवल्या, हे त्याचे अंशतः उत्तर आहे. पूर्ण उत्तर नाही.

आणखी एक अडचण अधिक मूलगामी आहे. झुल्यावरची जोखीम पत्करलेली असते; पुरात सापडलेल्याची जोखीम लादलेली असते. कसरतपटूखाली जाळी असते आणि झेलणारा समोर दिसतो. हवामानाच्या बाबतीत ज्यांना झेलायचे आहे, ते दूर आहेत किंवा अजून जन्मायचे आहेत. दिसणाऱ्या माणसांतील विश्वास न दिसणाऱ्यांपर्यंत पोचेलच, याची हमी कोणताही रूपबंध देऊ शकत नाही. म्हणून सामुदायिक सर्कशीने पूरग्रस्ताचे प्रतिनिधित्व करण्याचा दावा करू नये. तिचा अधिकार त्याहून लहान, पण निश्चित आहे : दुसऱ्याचे वजन आपल्या खांद्यावर येते तेव्हा आपले हलणे ही आपली खाजगी बाब राहत नाही, हे ती शरीराला शिकवते. रूसोचा प्रेक्षक काहीही न देता घरी जात होता. या प्रयोगात उतरलेला माणूस निदान हे जाणून घरी जातो, की कोणीतरी त्याचा भार पेलला होता. त्या जाणिवेचे देणे तंबूबाहेरच फेडावे लागते. ते फेडले गेले नाही, तर तो दोष खेळाचा नव्हे, आपला.