निसटती पकड आणि वैराग्य

बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी तहसिलीत धानाच्या हंगामात बैलगाडीच्या मागून मोटार हळूहळू सरकवावी लागते, तेव्हा दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गाडीत जे घडते, ते चिंतनास पात्र आहे. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा; एकाने सोडावे त्याच क्षणी दुसऱ्याने धरावे, हा त्यांचा दस्तूर. परंतु अतिमंद गतीत इंजिनाचा किमान वेगही चाकांना अधिक होत असल्यामुळे क्लच पुरता जुळत नाही आणि पुरता सुटतही नाही. तो घसरत राहतो, आणि त्या घर्षणाची उष्णता, विशेषतः तेलात न बुडालेल्या कोरड्या क्लचमध्ये, त्याचे अस्तर झिजवते. तथापि घसरण हा मूलतः दोष नव्हे. तिच्यावाचून गाडी धक्का खाऊनच निघेल. दोष आहे तो तीतच रेंगाळण्याचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनोनिग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य यांची सांगड घातली आहे, ती मला म्हणूनच मोलाची वाटते: धरणे आणि सोडणे, दोन्ही निःशंकपणे करावयाची असतात. संक्रमणातील दोलायमानता क्षम्य आहे. पण तिलाच जो विरक्ती मानतो, त्याचे आयुष्य पुढे न जाताच झिजते.